टाळेबंदीचा प्रश्न

‘कारखान्याचा मालक दयाळू होता. कामगारांना संसर्ग होऊ नये म्हणून त्याने वेळीच गेटला कुलूप लावले. सर्व मालकांनी असेच असावे.’

अकरावीच्या सराव परीक्षेतलं हे उत्तर मी दोनदा वाचलं. मूळ उत्तर इंग्रजीत होतं. हस्ताक्षर सुरेख, परिच्छेद नेटके. फक्त प्रश्न होता एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या पोलाद कारखान्याचा. मालकाला मजुरी कमी करायची होती, कामगारांची संघटना ऐकत नव्हती, म्हणून त्याने गेट बंद केलं होतं. दयेचा त्यात काहीच संबंध नव्हता.

मी पुढचा पेपर घेतला. त्यात मालकाने सॅनिटायझरची सोय केली होती. त्याच्या पुढच्या पेपरात कामगार घरून काम करत होते. पोलाद, आणि घरून!

आमची शाळा मोशीच्या पुढे, चाकण रोडला आहे. कंपन्यांमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या परदेशी इंजिनिअरांची मुलं इथे शिकतात आणि आपल्याकडच्या मॅनेजरांची, उद्योजकांची, बागायतदारांचीही शिकतात. अभ्यासक्रम अमेरिकन असल्यामुळे अकरावीला अमेरिकेचा इतिहास असतो, आणि तो मी शिकवते. मी उमरग्याच्या मराठी शाळेत शिकले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. शाळेत असताना अमेरिका माझ्यासाठी भिंतीवरच्या भूगोलाच्या नकाशातला हिरवा तुकडा होती. त्या तुकड्याचा वर्षभराचा अभ्यास आखायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरातल्या एका भिंतीवर रंगीत चिठ्ठ्याच चिकटवल्या. स्वातंत्र्ययुद्ध निळं, गुलामगिरी आणि यादवी युद्ध लाल, कारखानदारी पिवळी. पिवळ्या चिठ्ठ्यांवर माझा विशेष जीव. ज्या मुलांच्या घरी जेवताना शिफ्ट आणि असेंब्ली लाइनच्या गप्पा चालतात, त्यांना हा भाग शिकवण्यासारखं सुख नाही.

आमच्या पेपरात पाठांतराला जागा नसते. डीबीक्यू नावाचा प्रश्न असतो. त्या काळातली पत्रं, बातम्या, नोटिसा, व्यंगचित्रं मुलांसमोर ठेवायची आणि त्यावरून काय घडलं असेल ते मुलांनी पुराव्यासकट मांडायचं. माझ्या डीबीक्यूत त्या कारखान्याच्या लॉकआउटची नोटीस होती. सगळा प्रश्न त्या एका शब्दावर उभा होता.

शब्द मी वर्गात शिकवला होता. मराठी मुलांना सोपं जावं म्हणून म्हणालेही होते, “लॉकआउट म्हणजे टाळेबंदी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. “माहितीये मॅम!” कोरियन मिन-जेला त्याच्या शेजारच्या अथर्वने लगेच समजावलंही. मला फार कौतुक वाटलं होतं.

आता डोक्यात प्रकाश पडला. मी शिक्षणासाठी आकुर्डीला मामांकडे राहायचे. त्यांच्या कंपनीला एकदा टाळं लागलं होतं. त्यामुळे टाळेबंदी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बंद गेट आणि बाहेर उभे राहिलेले कामगार येतात. या मुलांनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला करोनाच्या दिवसांत. मराठी पेपरांनी लॉकडाऊनला तेव्हा टाळेबंदीच म्हटलं होतं. माझ्या मदतीनेच अर्धा वर्ग नापास झाला होता.

दुसऱ्या दिवशी कुरियन सरांनी बोलावलं. हे आमचे प्राचार्य. मूळचे केरळचे, पण जन्म पिंपरीचा, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच. माझं इंग्रजी अडखळत असतानाही मुलाखतीत त्यांनीच मला निवडलं होतं. त्यांच्यासमोर बसताना मला अजूनही ते ऋण जाणवतं.

“कदम मॅडम, घरून पोलाद?” त्यांनी पेपर वर धरला. “हे मॉडरेटरने वाचलं तर काय म्हणेल?”

मॉडरेटर म्हणजे आमचे पेपर आणि गुण तपासून मान्यता देणारा बाहेरचा परीक्षक. आमचा अमेरिकेत बसतो.

“सर, दोन तास द्या. मी पुन्हा शिकवते.”

“अहो, प्रश्नच काढून टाका. तयार पेपर विकत मिळतो, पर्यायवाला. टिक करा, विषय संपला. खरं सांगू का? मॅनेजमेंट पुढच्या वर्षी हा विषय ऑनलाइन द्यायचा म्हणतंय. तिकडचाच टीचर, स्क्रीनवर. मी तुमच्यासाठी भांडतोय, पण मला काहीतरी हातात द्या ना.”

ती भिंत, त्या चिठ्ठ्या, तो वर्ग, सगळं एका शब्दापायी जाणार होतं.

“शुक्रवारी याच प्रश्नाची पुन्हा टेस्ट घेते,” मी म्हणाले. “नाही जमलं तर तुमचा तयार पेपर.”

“डन,” सर म्हणाले.

घरी येताना स्कूटरवर विचार केला. व्याख्या तर मी आधीही सांगितली होती. व्याख्या ऐकून मुलं मान डोलावतात. म्हणून व्याख्या सांगायचीच नाही, असं ठरवलं. चाकण रोडच्या ट्रॅफिकने विचार करायला भरपूर वेळ दिला. वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून पितळेचं एक मोठं कुलूप घेतलं.

बुधवारी मुलं मधल्या सुट्टीतून आली तर वर्गाला कुलूप. दारावर माझी नोटीस: ‘आजपासून गृहपाठ दुप्पट, मधली सुट्टी निम्मी. मान्य असेल त्याने सही करून आत यावे. बाकीच्यांना प्रवेश नाही.’ मी दारात खुर्ची टाकून बसले.

“मॅम, हे काय? आमच्या बॅगा आत आहेत!” अथर्व ओरडला.

“सही कर, बॅग घे.”

“दुप्पट गृहपाठ? कोणत्या आनंदात?”

“शाळा माझी, शर्ती माझ्या.”

गलका सुरू झाला. तेवढ्यात मिन-जे शांतपणे पुढे आला, सही केली; मी कुलूप काढून त्याला आत सोडलं आणि पुन्हा लावलं.

“अरे भावा, फुटलास ना!” अथर्वने कपाळावर हात मारला.

मिन-जे खिडकीतून म्हणाला, “काय करू भावा, पुढे फिजिक्सची टेस्ट आहे. बुक आत आहे.” एवढं मराठी तो याच वर्गात शिकला होता.

“हीच गोष्ट त्या कारखान्यात झाली असेल का?” मी विचारलं. कुणी ऐकलं नाही. ते तर फारच छान होतं. मुलं आपापसातच भांडत होती. सही करावी की नाही? सगळे बाहेर राहिले तर मॅम किती वेळ टिकतील? कुणीतरी म्हणालं, “आपण संपावर आहोत.” त्यावर ऋतुजा उसळली. ऋतुजा मोशीची, जुन्या शेतकरी घरातली, बोलायला लागली की थांबत नाही.

“संप कसला? आपण तर आत बसायला तयार आहोत. काम बंद पाडलंय मॅमनी. कुलूप त्यांचं आहे!”

मला खुर्चीतून उडी मारावीशी वाटली. दोन तासांत जे शिकवायचं होतं ते तिने चार वाक्यांत सांगितलं होतं.

एवढ्यात सिक्युरिटीचे शिंदे काका गलका ऐकून जिन्यावरून वर आले. “काय झालं रे पोरांनो?”

“काका, टाळेबंदी झालीये!” अथर्व उत्साहाने ओरडला.

शिंदे काकांचा चेहरा पांढरा पडला. ते वळले आणि धावत सुटले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकन पद्धतीच्या शाळांत लॉकडाऊन ड्रिल असते. शाळेत कुणी धोकादायक माणूस घुसला तर सायरन वाजवायचा, दारं लावायची, दिवे घालवायचे आणि मुलांनी बाकाखाली गप्प बसायचं. सिक्युरिटीच्या लोकांसाठी त्या सूचनांचं मराठी भाषांतर केलं होतं. त्यात लॉकडाऊनला शब्द वापरला होता, टाळेबंदी.

सायरन वाजला. खालच्या मजल्यावर धडाधड दारं लागली. दिवे गेले. पहिलीच्या वर्गातून रडण्याचा एक बारीक आवाज आला, मग तोही बंद झाला. ड्रिलच्या नियमाने माझ्या मुलांनी वर्गात शिरायला हवं होतं, पण कुलूप होतं.

“मॅम, आता तरी उघडा!”

मी कुलूप काढलं. मुलांना आत घेतलं, खरा धोका असेल तर काय, असं मनात आलं, आणि मगच ‘टाळेबंदी’ ऐकून पांढरा पडलेला शिंदे काकांचा चेहरा आठवला. मी तशीच खाली पळाले.

ऑफिसात टेबलाखालून आधी कुरियन सरांचं डोकं आलं, मग ॲडमिशनसाठी आलेल्या एका पालकांचं.

“मॅडम, खाली बसा! कुठे आहे तो माणूस?”

“कुठला माणूस?”

“जो घुसलाय तो!”

“सर, कुणी घुसलं नाही. उलट मीच मुलांना बाहेर काढलं होतं.”

सर हळूहळू उभे राहिले. गुडघे झटकले. मी एका दमात सगळं सांगितलं. नोकरी गेली असं मी धरूनच चालले होते. पालक मात्र मन लावून ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही खरंच कुलूप लावलंत?” आणि हसायला लागले.

सर हसले नाहीत. त्यांनी माइक हातात घेतला. “मुलांनो, शिक्षकांनो, सगळं सुरक्षित आहे. दिवे लावा. हे लॉकडाऊन नव्हतं. हे लॉकआउट होतं. लॉकआउट म्हणजे…” माइकवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले. “म्हणजे एक्झॅक्टली काय सांगू? पहिलीची मुलं ऐकतायत.”

माझ्यामागे ऋतुजा येऊन उभी होती. मी एकटी खाली पळाले म्हणून मागोमाग आली होती. मी तिच्याकडे बघितलं. सरांनी माइक तिला दिला.

“संपात कामगार काम थांबवतात,” ती धापा टाकत म्हणाली. “लॉकआउटमध्ये मालकच थांबवतो. माझ्या शर्ती मान्य करा, मगच आत या, म्हणतो. आजारपणाचा संबंध न्हाई. चोराचा पण न्हाई. घाबरू नका.”

मग वरच्या मजल्यावरून, अकरावीच्या वर्गातून, टाळ्यांचा कडकडाट झाला.

सरांनी माइक बंद केला. “शुक्रवारची टेस्ट घ्या,” म्हणाले. “आणि ते कुलूप माझ्याकडे द्या.” शिंदे काकांना त्यांनी चहा पाजला, कारण त्यांनी फक्त सूचनेत लिहिलं होतं तेच केलं होतं.

शुक्रवारी एकाही पेपरात सॅनिटायझर नव्हतं. मिन-जेने सही करून आत जाणाऱ्या कामगाराची बाजू इतकी प्रामाणिकपणे मांडली होती की मी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. अथर्वने कुरियन सरांच्या टेबलाबद्दल एक अख्खं पान लिहिलं होतं. ते पान सोडून बाकीचं बरोबर होतं. सरांनी गठ्ठा चाळला आणि मॅनेजमेंटला फोन लावला. ऑनलाइन टीचरचा विषय पुन्हा निघाला नाही.

अंतिम पेपर मॉडरेटरकडे गेला. त्यांची एकच सूचना आली: भारतीय विद्यार्थ्यांना ‘लॉकआउट’ हा शब्द अवघड जाऊ शकतो, सोबत अर्थ द्यावा. कुरियन सरांनी मला न विचारताच उत्तर पाठवलं: गरज नाही, आमच्या पहिलीच्या मुलांनाही तो येतो.

शिंदे काकांच्या सूचना आता दुरुस्त झाल्या आहेत. त्यात साधं ‘लॉकडाऊन’ लिहिलंय. पेपर काढताना मी अवघड शब्दांची फारशी काळजी करत नाही, ते मुलं विचारतात. जो शब्द ऐकून सगळा वर्ग एकदम मान डोलावतो, तो मात्र मी पुन्हा एकदा तपासून घेते.