बारावा बिल्ला

पेणला रामवाडीजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी डोळ्यांची आखणी करते. करत होते, असं म्हणायला जीभ अजून वळत नाही. मागच्या हिवाळ्यात मोरीत घसरून उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण ब्रश धरला की टोक थरथरायचं. मूर्तीचा बाकीचा रंग चुकला तर निभावून नेता येतो. डोळा चुकला की मूर्ती समोरच्याला सोडून भलतीकडेच बघत बसते. मालकांनी माझ्यासाठी मूर्तींची एक रांग डोळ्यांविना प्लास्टिकखाली झाकून ठेवली होती. हात बरा झाला की सांग, एवढंच म्हणाले होते.

माझी धाकटी बहीण रोह्याला असते, धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट करते. तिनं आपला जुना लॅपटॉप आणून दिला नि त्यात एक गेम टाकून दिला. एकट्यानं खेळायचा. खडकांमधल्या अरुंद वाटेनं माउसनं होडी न्यायची. हात हलला की होडी फुटते. टप्पा पार केला की अचीव्हमेंट मिळते. आम्ही तिला बिल्ला म्हणायचो. तो बहिणीला शिफ्टच्या बसमध्ये मोबाइलवर दिसायचा. आमचं ठरलं होतं, बारावा, म्हणजे शेवटचा बिल्ला मिळाला की हात बरा झाला असं धरायचं.

अकरा बिल्ले घाम गाळून मिळवले. बारावा काही हाती लागेना. जेवताना, कपडे धुताना तीच वाट डोळ्यांपुढे. एका जागी बसवायचं नाही. कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायच्या कामावर होते, येता-जाता त्या प्लास्टिककडे बघायची, पण ब्रश घेऊन बघायची छाती होत नव्हती. मग इंटरनेटवर खेळाचं घड्याळ संथ करणारा एक प्रोग्रॅम सापडला. तो लावला आणि दुसऱ्याच डावात होडी पार. घरात एकटीच होते, तरी मी इकडेतिकडे बघितलं.

बहिणीला कुठला दम निघतोय. मला विचारायच्या आधीच तिनं मालकांना फोन करून आनंदाची बातमी दिली. मालकांनी आखणीला सोमवार ठरवला.

शनिवारी गेमवाल्यांचा मेल आला. माझा खेळ खरा नव्हता, म्हणून सगळे बिल्ले रद्द, आणि या खात्याला पुढे एकही मिळणार नाही. घामाचे अकराही गेले. मी इतकी संतापले की त्यांना मराठीतच लांबलचक उत्तर लिहिलं. एकटीचा खेळ, कुणाला हरवलं नाही, कुणाचा नंबर मारला नाही, तुमचं काय गेलं? चोर तर चोर, वर शिरजोर. पाठवलं, नि दर पाच मिनिटांनी मेल उघडून बघत राहिले. उत्तर आलं नाही.

बहिणीचा फोन मात्र आला. तिला माझ्या नावापुढे शून्य दिसत होतं.

"ताई, तुजा हात खरंच बरा हाय का गो?"

व्हय म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण सोमवारी त्या मूर्ती कुणीकडे बघत बसल्या असत्या?

"नाय," मी म्हटलं.

ती म्हणाली, मालकांना आता तूच सांग.

सोमवारी सांगितलं. मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी सुनेला बोलावून माझ्या पाटावर बसवलं आणि मला मूर्ती धरायला सांगितली. पहिला डोळा काढून तिनं माझ्याकडे बघितलं. डोळा छान उतरला होता. मी तसं म्हटलं, आणि पुढची मूर्ती धरली.

त्यानंतर रोज मी पहिल्या टप्प्यापासून तोच गेम खेळत राहिले, घड्याळाला हात न लावता. बिल्ले येत नाहीत. परवा होडी बाराव्या वाटेतून पार झाली. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. मी धावत जाऊन बहिणीला फोन लावला. ती बसमध्येच होती.

"बारावा झाला," मी म्हटलं.

"खरं?" तिनं विचारलं.

आजवर तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. खरं, म्हटलं. मग ती जेवलीस का म्हणून विचारू लागली. मालकांना या खेपेला तिनं फोन केला नाही.