तोंड मिटून पळणारी मुलं

तुमच्या घरातलं मूल रडायला लागलं की त्याला गप्प करायला तुम्ही कोणाचं नाव घेता? पोलिसाचं? बागुलबुवाचं? सातपूरच्या आमच्या गल्लीत निर्मलाताईंचं घेत. नाव तरी कुठलं, ‘दातवाली बाई’. “गप्प बैस, नाहीतर दातवाल्या बाईकडे नेईन. सगळे दात उपटेल!” नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीतलं प्रत्येक मूल हे वाक्य ऐकत मोठं झालं.

संध्याकाळी ताई दवाखान्याच्या पायरीवर बसत. खेळून परतणारी मुलं समोर आली की तोंडावर तळहात दाबून पळत सुटत. “बघ, निघाली माझ्या पेशंटांची मिरवणूक,” ताई मला हसून म्हणत. मग गल्ली रिकामी व्हायची आणि त्या तशाच बसून राहायच्या.

ताई लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर. एकट्याच. तळमजल्यावर पुढे दवाखाना, मागे त्यांची खोली, वर आम्ही. मुलांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून त्यांनी सुताराकडून मुद्दाम बुटकं बाक करून घेतलं होतं. त्यावर मोठी माणसंच गुडघे पोटाशी घेऊन बसत, स्वतःचे दात दाखवायला. मुलं यायची ती गाल सुजल्यावर, किंचाळत, बापाच्या काखोटीला. मग बहुतेकदा दात काढावाच लागे, आणि गल्लीतली धमकी खरी ठरे.

“एक तरी मूल दुखत नसताना येऊ दे गं,” त्या मला म्हणायच्या. याहून जास्त काही मागताना मी त्यांना ऐकलं नाही.

आधी का नाही आणलंत, असं विचारलं की आयांचं उत्तर ठरलेलं असे. “दुधाचेच तर दात आहेत, मॅडम. पडतीलच.”

“पडतील ना. पण पडेपर्यंत त्याच दातांनी जेवायचंय की नाही?”

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली, वडील युनियनचे. कॉलेजात असताना मी ताईंसाठी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘मातांनो, जाग्या व्हा!’ ताईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि परत केलं. “आईवर कशाला ओरडतेस? तिच्यावर ओरडायला घरात माणसं कमी आहेत का?”

त्याच वर्षी थंडीत शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम सुरू झालं. हरसूलकडून आलेली जानकी तिथे घमेली वाहायची. एका दुपारी ती लेकीला घेऊन सावलीला ताईंच्या पायरीवर टेकली. गल्लीतलं ते वाक्य तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिची वर्षभराची लेक, सोमी, ताईंकडे बघून तोंडभर हसली.

ताईंनी जानकीला आत बाकावर बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून तिच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसल्या. सोमीचे पाय आईच्या कमरेशी, डोकं ताईंच्या मांडीवर. “असं निजवलं की बाळाला आईचं तोंड दिसत राहतं,” त्या म्हणाल्या आणि बोटाने तिचा वरचा ओठ उचलला. दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ होती. किडीची सुरुवात.

“झोळीत चोखायला काय देतेस हिला?”

“फडक्यात गूळ बांधून देते. नाय दिला तर रडते, मंग मुकादम वरडतो.”

मी पेटले. मुकादमावरच पत्रक काढते म्हणाले.

“काढ, जरूर काढ,” ताई म्हणाल्या. “पण पोरीचे दात पत्रकासाठी थांबायचे नाहीत. जानकी, झोळीत गूळ नको. रडली तर इथे आणून दे. आणि रात्री निजायच्या आधी ओल्या फडक्याने दात पूस.”

सोमीच्या दुपारी दवाखान्यात जाऊ लागल्या. त्या बुटक्या बाकाला धरून ती उभं राहायला शिकली. ताई “आ” म्हणाल्या की तीही मोठा “आ” करायची. भाताच्या लावणीला जानकी गावी गेली तेव्हा ताईंनी बाक पुसून जागेवर ठेवलं.

दिवाळीनंतर जानकी परतली, ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या कामावर. ताईंना कळायला महिना गेला. मग एका संध्याकाळी दोघी समोरून आल्या. सोमी आता धावत होती.

“सोमे! आ कर बघू!” ताई पायरीवरून उठल्याच.

सोमीने तोंडावर तळहात दाबला आणि ती आईच्या लुगड्याआड लपली.

जानकी ओशाळली. “तिकडच्या बायांनी भ्याव घातलं तिला. मी पण म्हणते कधी. ऐकत नाय ना पोर.”

ताई पायरीवर परत टेकल्या. मग म्हणाल्या, “दात बरे आहेत ना तिचे?”

“चांगले हायेत. रोज पुसते.”

“मग झालं तर.”

त्यानंतर संध्याकाळी त्या पायरीवर बसताना दिसल्या नाहीत.

काही वर्षांनी ताई गेल्या. शेवटच्या दर्शनाला गल्लीतली मोठी माणसं आली. मुलांना घरीच ठेवलं होतं. त्याच आठवड्यात समोरच्या गॅलरीतून आवाज आला, “गप्प बैस, दातवाली बाई येईल!” खाली दवाखान्याला कुलूप होतं.

माझं एवढं करा. आज घरातल्या बाळाला मांडीवर निजवा, वरचा ओठ बोटाने अलगद उचला आणि बघा. पहिला दात आला असेल तर दुखायची वाट पाहू नका; बाळ वर्षाचं व्हायच्या आत त्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. आणि कुठल्याही माणसाच्या नावाने त्याला भिववू नका. त्या दवाखान्यात कोणीतरी त्याची वाट बघत बसलेलं असेल.