वाकड्या धुराड्याचं घर

आमच्या घराचा पत्ता सांगायची वेळ आली की मी नंबराच्या भानगडीत कधी पडलेच नाही. दगडी घर, वाकडं धुराडं, एवढं म्हटलं की नवखा माणूसही बरोबर दारात येऊन उभा राहायचा. धुराडं रस्त्याच्या बाजूला असं काही कललेलं होतं की जाणाऱ्यायेणाऱ्याला वाटावं, हे आता वाकून आपल्याला हटकणार. आणि त्या घराचा मालक कोण, तर सगळीकडे 'ओळंबा' म्हणून ओळखला जाणारा गवंडी. म्हणजे माझा नवरा.

ओळंबा म्हणजे दोरीला लोंबणारं वजन, भिंत उभी सरळ आहे की नाही ते बघायचं. यांच्या खिशात ते कायम असतं. आमच्या लग्नाचा फोटो मी हौसेने भिंतीवर लावला, तर यांनी खिशातून दोरी काढून शेजारी सोडली, फोटो केसभर वाकडा निघाला म्हणून खिळा उपटला आणि पुन्हा ठोकला. भिंतीला पडलेलं भोक अजून आहे. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की भोक सरळ रेषेत आहे.

बोलायच्या बाबतीत माणूस महाकंजूष. सकाळी 'येतो' आणि संध्याकाळी 'आलो' यांच्या मधलं बोलणं मीच दोघांच्या वतीने करते. पण कामाला उभे राहिले की हात असे चालतात की बघत बसावं. दगड हातात घ्यायचा, फिरवायचा, कुठली बाजू तोंडाला आणि कुठली पोटात ते ठरवायचं, बसवायचा, आणि सांध्यातल्या ओल्या चुन्यात डाव्या हाताचा अंगठा दाबायचा. चुना कितपत आवळलाय ते त्यावरून कळतं म्हणे. वरून गिलावा चढला की ते ठसे झाकले जातात, त्यामुळे घरमालकांना त्याचा पत्ताही नसतो. ही सवय अगदी पोरवयापासूनची. आप्पा, म्हणजे माझे सासरे, स्वतः नावाजलेले गवंडी. ते यांना म्हणायचे, "भिंत बांधतोयस की कणीक मळतोयस?"

तर अशा माणसाच्या स्वतःच्या घरावर तिरकं धुराडं. लोक थोडेच सोडतात. शेजारचा सुतार तर यांचा लहानपणापासूनचा दोस्त, तो दर महिन्याला नव्याने खेचायचा. "लोकांच्या भिंतींतला वाकडेपणा काढतोस आणि घरी आणून साठवतोस," असं त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणीही विचारलं, हे बांधलं कुणी, की यांचं उत्तर ठरलेलं. "मीच. शिकत होतो तेव्हा." आणि चालू लागायचे.

हे खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे फक्त मला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मीही थट्टा केली, तेव्हा यांनी मला समोर बसवून सांगितलं. धुराडं आप्पांनी बांधलेलं. त्यांचं शेवटचं काम. तेव्हा त्यांची नजर जात चालली होती. काम संपल्यावर घरात एवढंच म्हणाले होते, "माझी नजर चुकली. आता थांबतो," आणि थापी-हातोडा पेटीत ठेवून दिला तो कायमचा. आप्पा होते तोवर त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. ते गेल्यावर लोक विचारू लागले आणि यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. "त्यांनी आयुष्यभर सरळ बांधलं," हे मला म्हणाले. "एका धुराड्यावरून कुणी त्यांना हसलेलं मला चालणार नाही. तू कुणाला बोलू नकोस." मला ओळखणाऱ्यांना हे पटणार नाही, पण मी खरंच ब्र काढला नाही.

गॅस आला तशी खालची चूल बंद झाली आणि धुराडं नुसतंच उभं राहिलं. यांनी लोकांची अशी कितीतरी निकामी धुराडी उतरवली. आमच्याकडे मात्र पावसाचं पाणी त्यातून आत झिरपायचं, वरच्या खोलीच्या भिंतीला ओल धरायची, आणि मी विषय काढला की हे एकतर चुना भिजवायला जायचे नाहीतर त्यांना झोप यायची. मी खनपटीला बसून थकले आणि शेवटी त्या भिंतीला कपाट लावून ओल झाकली.

मग मुलीची बदली इथल्या दवाखान्यात झाली. तान्ह्या लेकीला घेऊन ती आमच्याकडेच राहणार, वरच्या खोलीत, असं ठरलं. त्याच आठवड्यात वारं सुटलं आणि धुराड्याचा एक दगड सुटून कौलं फोडत अंगणात आला. मी तिथे वाळत घातलेल्या चादरी नुकत्याच काढल्या होत्या. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, पाळणा मी त्या खोलीत ठेवणार नाही. बाबांना सांग नाहीतर मी दुसरीकडे जागा बघते."

रात्रीपर्यंतही मी थांबले नाही. हे पाय धूत होते तिथेच जाऊन उभी राहिले.

"धुराडं उतरवायचं."

"बघू."

"बघता बघता डोक्यात पडेल कुणाच्या तरी."

"आप्पांचं शेवटचं काम आहे ते."

"मला ठाऊक आहे. आणि तुमची पहिली नात त्याच्याखाली झोपणार आहे."

त्यांनी पाय पुन्हा एकदा धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी वर चढून काम करायच्या परांचीचे बांबू अंगणात येऊन पडले.

आता दुसऱ्याच्या घरी हे काम असतं तर हाताखाली चार गवंडी असते. आमच्याकडे यांनी एकट्या सुताराला बोलावलं. आणि सगळ्यात आधी काय केलं, तर रस्त्याच्या बाजूने वरपासून खालपर्यंत ताडपत्री बांधली. धूळ उडू नये म्हणून, असं सुताराला सांगितलं. माझ्या स्वयंपाकघरात भर दिवसा दिवा लावायची पाळी आली, तरी मी कुरकुर केली नाही. मला कळत होतं. गिलावा निघाला की आतलं काम उघडं पडणार, आणि धंद्यातल्या माणसाला थर बघून कळतं की हे शिकाऊचं आहे की मुरलेल्याचं. आप्पांचा हात ओळखणारे म्हातारे गवंडी अजून त्या रस्त्याने जात-येत होते.

धुराडं वरूनच उतरवायचं असतं. खालून हात लावला तर वरचं सगळं अंगावर येतं. खाली बंद चुलीच्या तोंडाशी ओली पोती कोंबली, म्हणजे काजळी घरभर होऊ नये. तरी ती झालीच. मग वरची टोपी निघाली, आणि एकेक दगड दोरी-कप्पीने अंगणात उतरू लागला. सुतार दोरी सांभाळत होता, मी दगडाला चिकटलेला चुना खरवडून बाजूला रचत होते. हे दगड पुढे मागच्या पायऱ्यांना वापरायचे होते.

थोडे थर उतरल्यावर दगडांबरोबर बारीक कपच्या येऊ लागल्या. मला वाटलं, मोडतोड. पण सगळ्या एका बाजूला निमुळत्या, मुद्दाम फोडल्यासारख्या. सुताराने एक हातात घेतली.

"ओळंब्या, ही तर पाचर आहे. दगडाला पाचर कशाला?"

हे वरून उतरून आले. कपची उलटसुलट केली, पुन्हा वर गेले आणि थर न्याहाळत बसले. मग तिथूनच बोलले. "रस्त्याच्या बाजूच्या प्रत्येक दगडाखाली घातलीय. वर जाताना थोडं थोडं सरळ करत नेलंय."

"म्हणजे कललंय हे आप्पांना कळलं होतं?" मी विचारलं.

"हो."

"नजर गेली होती ना?"

"हाताला कळतं."

यात बरं वाटायचं काहीतरी होतं, पण हे उलट चिडले. जेवतानासुद्धा धुसफुसत होते. कळलं होतं तर खालचं पाडलं का नाही, हा त्यांचा प्रश्न. आप्पांची शिस्तच तशी होती. यांनी पोरवयात दिवसभर खपून भिंतीचा तुकडा बांधावा, संध्याकाळी आप्पांनी यावं, ओळंबा सोडावा, आणि वाकडं निघालं तर दगडाला पाय टेकवून सगळं ढकलून द्यावं. "उद्या परत." बस, एवढंच बोलायचं. रडारड केली तर दुसरा दिवसही जायचा. "वाकड्यावर चढवायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं," हे म्हणत होते. "आणि स्वतः मात्र पाचरी मारत बसले." इतकी वाक्यं एका जेवणात मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुराडं जवळजवळ कौलांपर्यंत आलं. कपच्या खाली खाली जाड होत गेल्या आणि एकाएकी बंद झाल्या. त्याखाली काही थरच उरले होते, आणि मुळात कल होता तो त्यांच्यातच. हे त्यांचा गिलावा छिन्नीने सोलत होते. छिन्नीचा आवाज थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना, म्हणून मी वर बघितलं. हे परांचीवर मांडी घालून बसले होते.

"वर येतेस का जरा?"

इतक्या वर्षांत या माणसाने मला परांचीला हात लावू दिला नव्हता. मी पदर खोचला, सुताराला शिडी धरायला लावली आणि देवाचं नाव घेत चढले. यांनी बोट दाखवलं. प्रत्येक सांध्यात, गिलाव्याखाली, चुन्यात अंगठ्याचा ठसा होता. एकाखाली एक, ओळीने. अंगठा लहान होता.

"हे माझे थर आहेत," हे म्हणाले.

त्यांना आठवत होतं ते असं. कौलांवरचे पहिले थर आप्पांनी यांच्याकडून बांधून घेतले होते. छपरावर चढून बांधायची ती पहिलीच वेळ. त्याच संध्याकाळी यांना ताप भरला. उठून बाहेर आले तेव्हा धुराडं बांधून, गिलावा होऊन तयार होतं. आपलं काम आप्पांनी नेहमीप्रमाणे पाडलं असणार आणि नव्याने बांधलं असणार, असंच ते धरून चालले. विचारायचं काही कारणच नव्हतं.

तो ताप मला ठाऊक होता. सासूबाई कितीदा सांगायच्या. डोक्यावरचे केस गेले, डॉक्टरांनी हात टेकले, शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहायला लागले. आप्पा तेव्हा घरात थांबत नसत, दिवसभर छपरावर असत, याचा सासूबाईंना राग होता. खाली पोर जगेल की जाईल अशी अवस्था आणि बापाला वर काम सुचतं, असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.

मी परांचीवर बसून यांना तेच सांगितलं. "अहो, तुम्ही खाली मरायला टेकला होता. आणि वर तुमच्या हातचे हे चार थर. कुठला बाप पाय लावून पाडील?"

यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचंही भान नव्हतं. मीही रडले. खाली सुतार शिडी धरून विचारत होता की वर कुणाला काही लागलंय का.

काही वेळाने यांनी तोंड पुसलं, उठले आणि पलीकडे जाऊन ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागले. ती खाली पडली तशी रस्त्यावर धूळच धूळ झाली. थोड्या वेळात एक म्हातारा गवंडी तिथून चालला होता, आप्पांबरोबर काम केलेला. तो थांबला, हात डोळ्यांवर धरून वर बघू लागला.

"काय रे ओळंब्या, उतरवलंस शेवटी? कुणी बांधलं होतं म्हणे हे?"

"मीच," हे म्हणाले. "शिकत होतो तेव्हा." तेच शब्द. पण या वेळी ते चालू लागले नाहीत. परांचीच्या कडेला येऊन उभे राहिले. "वरचं आप्पांचं. माझं वाकडं झालं होतं, ते त्यांनी सावरत नेलं."

म्हाताऱ्याने अंगणात रचलेल्या दगडांकडे बघितलं, कपच्यांकडे बघितलं आणि मान डोलावली. मग काठी टेकत निघून गेला.

उरलेले थर दुपारपर्यंत निघाले. अगदी खालचा तेवढा राहिला. सुतार भुकेला झाला होता. "आता काय, एक लाथ घाल की मोकळे झालो," तो म्हणाला.

यांनी पाय उचलला, दगडाला टेकवला. मी खालून बघत होते. पाय तसाच थोडा वेळ राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"तू जेवून घे," ते सुताराला म्हणाले. "हे मी हाताने काढतो."