चादरीची उलटी बाजू

भुताच्या गोष्टी रंगवून सांगून मी आजवर अर्ध्या नातेवाइकांची झोप उडवली आहे. स्वतः मात्र त्यातल्या एकीवरही विश्वास ठेवला नाही... सांगणाऱ्याने ठेवायचा नसतो! पण ही गोष्ट मला रंगवता येत नाही. सांगताना मान खाली जाते.

मी सोलापूरचा. इथल्या एका चादरीच्या कारखान्यात नरसय्या आणि मी शेजारी-शेजारी बसून ग्राफपेपरवर नक्षी काढायचो. तो थोर, मी बरा. तीन वर्षांपूर्वी तो गेला, पाठोपाठ कारखानाही बंद पडला. यंदा एका डिझाइन कॉलेजला शिकवायला माणूस हवा होता. त्यांनी पोर्टफोलिओची वेबसाइट मागितली.

"तुमचे मोर बघून कोण नोकरी देणार? कोंबड्या वाटतात," बायको म्हणाली. मंगल शाळेत कॉम्प्युटर शिकवते. वेबसाइट तीच बनवत होती.

मोर काढावा तर नरसय्यानेच. त्याच्या मोराची पहिली चादर त्याच्या घरी जपून ठेवलेली. गेलो शहराच्या पूर्व भागात, त्याच्या घरी. त्याची बायको, राजव्वा वहिनी, दारात विड्या वळत बसल्या होत्या.

"वहिनी, मोराची चादर काढा! इंटरनेटवर टाकतो. नरसय्याचं नाव जगभर!" मी दोन्ही हात असे काही फैलावले की वहिनींनी विड्यांचं सूप बाजूला सारलं आणि स्वतः चादर खाटेवर अंथरली. मी मोबाइलवर तीन फोटो काढले — सुलट बाजूचे. निळ्यावर पांढरा मोर. चादरीला हातसुद्धा लावला नाही.

"ह्याच्याखाली नाव काय टाकू?" मंगलने विचारलं.

"बाकीच्यांखाली टाकलंयस तेच."

म्हणजे माझं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं... आणि टाकलं.

वेबसाइट बघायची म्हणून वहिनींचा निरोप आला. भर दुपारी त्यांच्या ओट्यावर बसून मी मोबाइल पुढे धरला.

"लई झ्याक दिसतंय की! आनि ह्यांचं नाव कुटं हाय?"

वहिनींना वाचता येत नाही. मी फोटोखालच्या माझ्या नावावर बोट ठेवलं. "हे काय, इथं."

त्यांनी तंबाखूचे हात पदराला पुसले. दोन बोटं त्या नावाला लावली, कपाळाला लावली.

आणि फोटो बदलला. आता पांढऱ्यावर निळा मोर. सोलापुरी चादर उलटली की रंगांची अशीच अदलाबदल होते.

"अय्यो! उलटी बाजू कशाला दाकवता भावजी?" वहिनी हसायला लागल्या. "माजं रफू दिसाय लागलं की! खिळ्यात अडकून त्याच अंगानं फाटली हुती."

मोराच्या पायापाशी लाल दोऱ्याचं, अंगठ्याएवढं रफू. ती बाजू मी जन्मात पाहिली नव्हती! वहिनींनी आतून चादर आणून उलटली. तिथेच, तेवढंच, लाल.

बोट लागून दुसरा फोटो उघडला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण उलट बाजूचा फोटो होताच कुठे? माझ्या मोबाइलमध्ये तिन्ही फोटो सुलट बाजूचे. मंगलने तो काढून पुन्हा सुलट फोटो चढवला. वेबसाइट उघडली की उलटाच.

"रंग उलटे करता येतात," ती म्हणाली, "पण रफू मी कुठून आणू?" मग हळूच म्हणाली, "आधी नाव बदलू या का?"

नाव बदललं. मी नाटकी माणूस... वाटलं, आता मोर दिमाखात सुलटा होणार! नाही झाला. आजही उलटाच दिसतो. दोन जाणकारांना दाखवून झालं. कोणाला काही समजत असेल तर जरूर कळवा.

कॉलेजला लिंक पाठवली नाही. वहिनींकडे मात्र गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली होती, त्यांतलं एकही आठवलं नाही. "त्या दिवशी दाखवलं ते नाव माझं होतं," एवढंच बोललो.

वहिनींनी हातातली विडी वळून पुरी केली, दोरा बांधला, सुपात ठेवली.

"मग मी पाया कुनाच्या पडले, भावजी?"

फोटोचं कोडं मला सुटलेलं नाही. पण ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.