बससाठी अर्ज

कचेरीसमोर मी लोकांचे अर्ज लिहून देतो; माझ्या टेबलाशी येताना तो कामगार चपला नेहमी कडुनिंबाखाली काढून ठेवी, जणू मी एखाद्या घरातच बसलो आहे. सरकारी योजनेतले त्याचे घर शहराच्या एका टोकाला आणि तो कामाला जाई तो कारखाना दुसऱ्या टोकापलीकडे, बुटीबोरीत. घराच्या कर्जाचे हप्ते थकले तेव्हा बँकेकडे मुदत मागण्यासाठी मी माझ्या अनुभवातले भक्कम कारण सुचवले, ते म्हणजे दीर्घ आजारपण.

"काहून खोटं लिहून राहिले, भाऊ? मी तं ठणठणीत आहो. घर देल्लं, पण तिकडे बसच नाही. हप्ता सारा पेट्रोलात गेला. तेच लिहा."

अशा कारणाला अर्जात वजन नसते, हे मी अधिकारवाणीने सांगितले. त्याने ऐकले नाही. मुदत मिळाली नाही आणि घर गेले.

बँकेत किल्ली देऊन तो त्याच दुपारी आला. चपला काढून म्हणाला, "आता त्या वस्तीत बस सुरू करा म्हणून अर्ज लिहा. माह्या घरात जो येईल, त्याले तरी हप्ता भरता आला पायजे."

माझ्या हातचा तो सर्वांत नेटका अर्ज होता. वर्षभराने बस सुरू झाली. ती माझ्या टेबलासमोरूनच जाते. तो हल्ली कुठे राहतो, मला ठाऊक नाही. कडुनिंबाखालची ती जागा मात्र मी रोज सकाळी झाडून ठेवतो.