ठरावातली खाडाखोड

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मी बैठकीआधीच लिहून ठेवत असे. गगनबावड्याकडच्या त्या वाडीत मुख्याध्यापिका म्हणून पाच वर्षे काढल्यावर कोण काय बोलणार हे पाठ झाले होते. पालक भाताच्या कामातून यायचे, सह्या करायचे, जायचे.

त्या दिवशीही ठराव तयार होता. दुसऱ्या शिक्षकाची बदली झालेली. चार इयत्ता आणि मी एकटी. नवीन शिक्षक मिळेपर्यंत समितीने तात्पुरती बाई नेमायची होती. अर्ज दोन, त्यातला एक अध्यक्षांच्या भाचीचा. अध्यक्षा चौथी शिकलेल्या, चार म्हशी सांभाळणाऱ्या. मी भाचीचे नाव लिहून मोकळी झाले.

"दोघींनीबी आधी हजेरी घ्या, मग शिकवा," असे वर्गात आलेल्या दोन्ही उमेदवारांना म्हणत अध्यक्षा मागे पोरांच्या सतरंजीवर जाऊन बसल्या.

भाची आधी उभी राहिली. पहिलीतल्या एका मुलीचे नाव आले. ही मुलगी जूनपासून शाळेत एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी पुटपुटली, "हाय."

"हाय नाही. 'हजर बाई' म्हणायचं. परत म्हण."

मुलीने मान खाली घातली. भाचीने पुढे पाठ मात्र उत्तम घेतला. अक्षर तर छापल्यासारखे. मी भरपूर गुण दिले.

मग दुसरी उमेदवार उभी राहिली. तिच्या ओळी फळ्यावर उताराला लागलेल्या. हजेरीत त्याच मुलीपाशी ती थांबली. मुलीची मान खालीच.

"हायस का न्हाईस? मला तर दिसाय लागलीस."

मुलगी खुदकन हसली. "हाय की!"

बैठकीत अध्यक्षा म्हणाल्या, "दुसरीला घ्या."

"अहो, भाचीचं शिक्षण जास्त आहे," मी म्हटले.

"हाय की, हुशारच हाय आमची. पर पोरगी बोलली आन् हिनं तिला गप केली. तुम्ही ऐकला न्हाईसा?"

ऐकले होते. रोज सकाळी हजेरीला मीही पोरांना तेच म्हणत होते.

लेकीला न्यायला आलेला त्यांचा भाऊ दारातच होता. "आक्का, रक्ताची हाय गं ती!"

"व्हय की. म्हणून सणाला साडी नेसवतो तिला. शाळा कशी देऊ?"

त्याने मोटारसायकलला किक मारली. मागे बसलेल्या भाचीने आत्याकडे पाहिलेसुद्धा नाही. अध्यक्षा गाडी वळणाआड जाईपर्यंत उभ्या राहिल्या, मग आत येऊन म्हणाल्या, "आणा रजिस्टर."

त्यांनी बोट ठेवून ठराव वाचला. भाचीच्या नावावर बोट थांबले.

"खोडा," त्या म्हणाल्या, "आन् बाजूला तुमची सही करा. न्हाईतर मागनं कोण म्हणंल, आत्यानं खोडलं."

मग एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली. समितीच्या अधिकारांवर मी स्वतः पालकांना प्रशिक्षण दिले आहे. त्या सहीकडे मी नुसती बघत राहिले.

आता इतिवृत्त बैठकीनंतर लिहिते. वेळ लागतो.