करकरणारं फाटक

आमच्या भागात सालगड्याचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं लागतं. इतरांकडे त्यासाठी चार माणसं बसून बोलणी करतात. आमच्या घरी तसं काही नाही. राहायचं असेल तर गडी पाडव्याच्या सकाळी येतो, पुरणपोळी खातो आणि कामाला लागतो. जायचं असेल तर येत नाही.

आमचा गडी दरवर्षी यायचा, आणि दरवर्षी आदल्या दिवशी माझ्याशी कडाडून भांडायचा. यजमान गेल्यापासून सोनाळ्याजवळच्या या शेतातल्या घरात मी एकटीच. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, शेती मक्त्यानं कुणाला कसायला दे आणि इकडे ये. पण दिवसभरात माणसाचा आवाज म्हणून कानावर पडायचा तो या गड्याचाच, तोही बहुधा चढलेला. माझीही जीभ काही कमी नाही.

भांडणाचा कायमचा विषय म्हणजे फाटक. सकाळी तो आत आला की ते असं करकरायचं की गोठ्यातली गाय दचकावी.

"भाऊ, त्याले तेल कधी देशीन?"

"वहिनी, तुमाले दुसरं काई दिसतच नाई. उद्यापासून येतच नाई मी, पाहा दुसरा!"

"जाय ना मंग, कोन धरून ठेवलं तुले?"

आणि दुसऱ्या दिवशी फाटक करकरायचंच.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यानं गोठा झाडला, टाकी भरली, कुंपणाची तार ओढून घेतली. मी मुद्दाम खोड काढली, तार ढिलीच राहिली म्हटलं. "हाव वहिनी," म्हणाला आणि पुन्हा ओढली. इतकं गोड तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. संध्याकाळी जाताना एवढंच म्हणाला, "पोरगा बुलढाण्याले राहाले ये म्हणते." मी "बरं" म्हटलं. थांब म्हणायला तोंड उघडलंच नाही. मेला अभिमान!

तरी पाडव्याला गुढी उभारली, पुरण घातलं, त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि फाटकाकडे कान लावून बसले. ऊन ओट्यावर चढलं तरी आवाज नाही. शेवटी चप्पल घालून तिथवर गेले. फाटक नुसतं लोटलं, तर निमूट उघडलं. बिजागरीला नवं तेल होतं.

तेव्हापासून मी हातातलं काम टाकून सारखी फाटकापर्यंत जाऊन पाहते. आता कुणी आलं, तरी मला कळणार कसं?